भाच्याचा समुद्र, मामाचं मीटर

खान्देशात कशाचीही टंचाई होऊ शकते. पाण्याची होते, विजेची होते, लगीनसराईत एसटीत टेकायच्या जागेची होते. उजेडाची मात्र कधी झालेली नाही. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा भर दुपारी रस्त्यावर केळीचे ट्रक आणि लग्नाचे फोटोग्राफर एवढेच उरतात. मी दुसऱ्या प्रकारातला. उभी हयात नवरीच्या गालावरचा उजेड मोजण्यात गेली. अशा मुलखात माझ्या सख्ख्या भाच्याने धुळ्याला, देवपुरातल्या घरात, विकतचा उजेड आणून टांगला आणि तो कमी पडतोय की जास्त होतोय हे कळेना म्हणून मला फोन केला. "मामा, तुमचं ते मीटर घेऊन या. कोरल मिटून बसलंय."

एरंडोल, पारोळा करत पोचलो. दिवाणखान्यात काचेची पेटी, पेटीत समुद्र. पांझरेचं पाणी तापीला मिळतं आणि तापी सुरतेकडे समुद्राला, हे आम्ही शाळेत शिकलो. समुद्र उलटा धुळ्याला आला, तो बहुधा पहिल्यांदाच. समुद्र म्हणजे आरओचं पाणी आणि लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम खास मीठ. दीडशे लिटरला सव्वापाच किलो. ताईचा पहिला आक्षेप या मिठावर होता: एवढ्यात चार घरांची लोणची झाली असती. दुसरा आक्षेप थंडीवर. प्रवाळाला पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर लागतं, आणि धुळ्यात मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नुसती पत्ती टाकली तरी चालेल अशा अवस्थेत असतं. म्हणून त्या खोलीला एसी आला. शेजारच्या आजी बघायला आल्या, पेटीसमोर क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "माय वो! माणसेसले कूलर अन् मासासले एसी!" यावर अख्ख्या कॉलनीत अजून कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

कुणी वन खात्याला कळवायच्या आत एक खुलासा करतो. टणक सांगाड्याचं, खडक बांधणारं प्रवाळ आपल्याकडे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. समुद्रातून त्याचा तुकडा खिशात घालून आणणं हा गुन्हा आहे. भाच्याकडे आहे ते मऊ प्रकारचं, मश्रूम आणि झोअँथिड, दुकानाच्या पावतीसकट. पावती त्याने फ्रेम करून पेटीशेजारी लावली आहे. खरं प्रवाळ पाहायची हौस असेल तर मालवण आहे. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य झालं. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्राखाली प्रवाळाचं पठारच आहे, आणि त्याला नाव आमच्या कान्होजी आंग्र्यांचं: अँग्रिया बँक. मुंबईत कोस्टल रोडच्या वाटेत आलेल्या प्रवाळाच्या १८ वसाहती २०२० साली खडकांसकट उचलून दुसरीकडे लावल्या. मुंबईत माणसांचं पुनर्वसन इतक्या झटपट झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

जळगावच्या सराफ बाजारातल्या माझ्या एका दोस्ताने वेगळीच चौकशी केली. "भाचा पोवळं पिकवतोय म्हणे. रतीला काय भाव लावणार?" त्याला सांगावं लागलं की मंगळासाठी बोटात घालतात ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, अंधाऱ्या कपारीत वाढणारं. त्याच्या अंगात शैवाल नसतं, त्यामुळे त्याला उजेडाची गरजच नाही. लोडशेडिंगच्या गावाला तेच शोभलं असतं. भाच्याने नेमकी उजेडावर जगणारी जात निवडली.

ही जात म्हणजे एक सरळ भाडेकरार आहे. प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. मालक जागा देतो, भाडेकरू उजेडात साखर बनवून तिचा मोठा वाटा भाड्यापोटी मालकाला देतो. उजेड कमी पडला की मालक जास्त भाडेकरू भरतो आणि करडा-तपकिरी दिसायला लागतो, शिवाय दिव्याकडे मान ताणतो. उजेड किंवा उष्णता फार झाली की भाडेकरू त्रासदायक ठरतात, मालक त्यांना बाहेर काढतो आणि स्वतः पांढरा पडतो. जगभरात प्रवाळ पांढरं पडल्याच्या बातम्या येतात, त्या याच बेदखलीच्या. भाच्याच्या पेटीतलं मश्रूम आक्रसलेलं आणि फिकटलेलं होतं. मोबाईल मात्र सांगत होता की उजेड बेतानेच आहे.

भाच्याने मोबाईलमध्ये लक्स मोजणारं ॲप घेतलं होतं आणि फोन रंगपंचमीच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्यात उतरवला होता. आकडा आला ४,००० लक्स. त्याने कुठेतरी वाचलेल्या ५४ ने भागलं आणि उत्तर काढलं ७४. या ७४ चं एकक मायक्रोमोल, म्हणजे दर सेकंदाला चौरस मीटरवर पडणाऱ्या प्रकाशकणांची मोजणी. एक मायक्रोमोल म्हणजे सहावर सतरा शून्यं इतके कण. मश्रूमला ५० ते १०० पुरतात. हिशेब चोख होता. फक्त मश्रूमला तो मान्य नव्हता.

मी पिशवीतून माझं जुनं सेकॉनिक काढलं. हे मीटर सेलेनियमवर चालतं, त्याला सेल लागत नाही, त्यामुळे त्याला लोडशेडिंग ठाऊक नाही. त्याचा काटा पाण्याच्या वर धरून बघितला, मोबाईलही तिथेच धरला. माझं मीटर फूट-कँडलमध्ये बोलतं, मोबाईल लक्समध्ये, पण भागाकार करून पाहिल्यावर दोघांचं एकमत निघालं. घरात एवढं एकमत मी क्वचित पाहिलंय. आणि त्या एकमतामुळेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला, कारण दोन्ही मीटरं माणसाच्या डोळ्याची नक्कल करतात.

डार्करूममध्ये आम्ही लाल दिवा लावून बसायचो. आम्हाला त्यात सगळं दिसायचं, पण कृष्णधवल कागदाला तो दिवा दिसतच नसे, म्हणून तर कागद काळा पडत नसे. दिसणारा वेगळा आणि ज्याच्यावर परिणाम व्हायचा तो वेगळा. इथे नेमकं उलटं चाललं होतं. पाणी लाल रंग आधी गिळतं, निळा खोलवर जातो, म्हणून प्रवाळाचे दिवे निळेशार असतात. माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्यावर खूष. त्याला १०० गुण दिले तर ४५० च्या निळ्याला तो ४ सुद्धा देत नाही. लक्स म्हणजे हेच डोळ्याचे गुण. शैवाल मात्र निळा मनसोक्त खातं. ५४ हा भाजक उन्हासाठी ठीक. भाच्याच्या निळ्या दिव्याला तो लावणं म्हणजे खाणारा एक आणि बिल दुसऱ्याच्या नावावर.

हे मी भाच्याला सांगितलं. भाचा सोलरवाला आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून त्या भागात सोलरवाल्यांची एक नवी जमात तयार झाली आहे. ही माणसं उन्हाकडे बघून घाम पुसत नाहीत, चौरस मीटरला किती वॅट ते सांगतात. भाच्याचं म्हणणं पडलं, उजेड वॅटमध्ये मोजू. मी म्हटलं, एफ-स्टॉपमध्ये मोजू. ताई म्हणाली, "बाहेर एवढं फुकटचं ऊन आहे, ती पेटी खिडकीत ठेवा की." भर दुपारच्या उन्हात दोन हजारांच्या आसपास मायक्रोमोल असतात, आणि सोबत रस्सा उकळेल इतकी धग. पण तिच्या मुद्द्यात दम होता. साक्रीत उन्हाची वीज करायची, धुळ्यात त्या विजेचा निळा उजेड करायचा, त्या उजेडाची शैवालाने साखर करायची, आणि एवढ्या खटाटोपानंतर मश्रूमने तोंड वाकडं करायचं.

शेवटी भाच्याच्या ओळखीतले कृषी महाविद्यालयातले एक सर आले. पिकाच्या पानांत किती प्रकाश अडतो हे मोजायचं खरं क्वांटम मीटर त्यांच्याकडे होतं. थेट मायक्रोमोल दाखवणारं. सर पिशवी सोडू लागले आणि आतून दांडी निघतच राहिली. जवळजवळ मीटरभर. गव्हाच्या ओळीत आडवी सरकवायची दांडी ती, तीन फुटी पेटीत कशी मावणार? शिवाय ती पाण्यात बुडवायची नव्हती. सर हुशार. रात्री घरातले बाकी दिवे बंद केले, निळा दिवा पेटीवरून काढून मोकळ्या जागेत टांगला, खाली दांडी ठेवली आणि तिच्या लांबीवर ठिकठिकाणी मोबाईलचे लक्स टिपून सरासरी काढली. एकाच दिव्याखाली दोन्ही आकडे मिळाले की त्या दिव्यापुरता भाजक निघतो. आमचा निघाला १८. चार हजार भागिले अठरा, म्हणजे २२०च्या वर. मश्रूमला आम्ही तिप्पट वाढत होतो. पाहुण्याला आग्रह करकरून वाढण्याची आपली पद्धत मश्रूमला ठाऊक नसावी.

या सगळ्या शास्त्रार्थात भाच्याचे सासरे, आमचे रावेरचे व्याही, सोफ्यावर गप्प बसून होते. ते केळीवाले. जळगावच्या टिश्यू कल्चरच्या केळीत त्यांची हयात गेली. त्यांनी एकदाच विचारलं, "हे रोप नवीन आणलंय का?" भाचा म्हणाला, रोप नाही, प्राणी आहे, पण हो, नवीनच आहे. "मग शेडनेट का नाही लावली?"

बरणीतून निघालेलं केळीचं रोप थेट शेतात लावलं तर उन्हात करपतं, हे रावेर-यावल पट्ट्यात शाळकरी पोरालाही माहीत आहे. प्रयोगशाळेत ट्यूबलाइटखाली वाढलेल्या त्या रोपाला आधी हरितगृह, मग शेडनेट, मग ऊन, असं आठवड्यांच्या हिशेबाने कणखर करतात. त्यालाच हार्डनिंग म्हणतात. समुद्री पेट्या पाळणारेही नव्या प्रवाळावर जाळी टाकून तेच करतात, हे मला नंतर कळलं. व्याह्यांनी गाडीच्या डिकीतून नेटचा तुकडा आणला, पंच्याहत्तर टक्के सावलीचा, आणि ताईच्या कात्रीने कापून पेटीवर पसरला. सरांनी तोंडी हिशेब केला: पाव उजेड, म्हणजे ५५. एकदम बरोब्बर. व्याही म्हणाले, "महिन्याने पन्नासवाली लावा."

आता खरी गोष्ट अशी की भाच्याचा दिवा मोबाईलवरून मंद करता येतो. बोट सरकवलं की पाव उजेड. नेटची काही गरज नव्हती. पण सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने पसरलेली जाळी कोण काढणार? ताईने डोळ्यांनीच खुणावलं आणि भाच्याने मोबाईल खिशात ठेवला. त्यामुळे धुळ्यातला तो समुद्र आजही हिरव्या शेडनेटखाली आहे. मश्रूम उघडलं, फुललं, रंग धरला. श्रेय व्याह्यांना गेलं. सरांना शेवभाजी मिळाली. माझ्या सेकॉनिकचा चहाच्या वेळी एकदा उल्लेख झाला.

राहता राहिलं झोअँथिड. त्याला मश्रूमहून जास्त उजेड लागतो आणि ते पेटीत वरच्या दगडावर आहे. पाण्याच्या लाटांनी तिथला मोबाईलचा आकडा एका जागी ठरत नाही. त्यासाठी पाण्यात बुडणारं क्वांटम मीटर हवं. ते मिळतं, पण किंमत ऐकून ते पाण्यात घालायचा धीर होत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत कुणाकडे असलं तर कृपया दोन दिवस उसनं द्या. पैसे नको असतील तर घरातल्या एका लग्नाचे फोटो फुकट काढून देईन, अल्बमसकट. मुहूर्त मात्र दुपारचा नसावा.