बघ्या चालेल, जाणकार नको

भारतात लढाऊ विमानाकडे बघणे हे देशप्रेम की हेरगिरी, हे विमानावर ठरत नाही आणि बघणाऱ्याच्या मनावरही ठरत नाही. ते तारखेवर ठरते. फेब्रुवारीतले ठरावीक दिवस, बेंगळुरूजवळचा येलहंका हवाई तळ, गळ्यात हजार रुपयांचा पास आणि हातात कोपरापेक्षा लांब लेन्स, असा सरंजाम असेल तर तुम्ही राष्ट्राच्या सामर्थ्याने भारावलेले सुजाण नागरिक. तोच माणूस, तीच लेन्स, तेच सुखोई. फक्त महिना जून आणि जागा पुण्याच्या लोहगाव तळाच्या कुंपणालगतची. मग चौकीत बसून हे काय चालले आहे ते सांगावे लागते, आणि तिथे ‘छंद’ हा शब्द काढला की समोरच्याच्या भुवया आणखी वर जातात. जुनी नाणी जमवणारा आपल्याला समजतो, पोस्टाची तिकिटे जमवणारा समजतो, काड्यापेट्यांचे छाप जमवणाऱ्याचे तर प्रदर्शन भरते. विमानांच्या शेपटीवरचे आकडे वहीत उतरवून घेणारा मात्र एकतर वेडा असतो किंवा शेजारच्या देशाचा पगारदार. तिसरी शक्यता आपल्याकडे कुणी विचारात घेत नाही.

या संशयाला घराणे आहे. शासकीय गुपितांचा कायदा १९२३ सालचा आणि आपले हवाई दल स्थापन झाले ८ ऑक्टोबर १९३२ रोजी. म्हणजे लपवायला विमान मिळण्याच्या नऊ वर्षे आधी लपवण्याची सोय झालेली होती. पुढे १९३७ च्या विमान नियमांत तेरा क्रमांकाचा नियम आला. सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून परवानगीशिवाय छायाचित्र काढायचे नाही. तेव्हा तालुक्याच्या गावी एक कॅमेरा असे आणि तोही फोटोग्राफरच्या दुकानात कुलूपबंद. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला, तरी तेराचा आकडा जागचा हललेला नाही. मग २०२५ च्या मे महिन्यात, सीमा तापलेली असताना, आणखी एक आदेश निघाला: लष्करी धावपट्टी वापरणाऱ्या प्रवासी विमानांत दहा हजार फुटांपर्यंत खिडक्यांची झापडे खाली. अपवाद एकच, आणीबाणीच्या दाराजवळची रांग. त्या दिवसांत हा आदेश योग्यच होता, त्याची थट्टा करण्यात अर्थ नाही. कोणती विमाने कुठून कुठे हलली हे तेव्हा खरोखरच गुपित होते. पण आपल्याच हवाई दलाकडे डोळे भरून बघायचे तर नागरिकाने आणीबाणीच्या दाराशी बसावे, इतका नेमका योगायोग एरवी सदर लिहिणाऱ्यांच्या कल्पनेतच येतो.

लढाई नसताना नेमके काय लपवायचे असते, हा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. लढाऊ विमानाचे खरे गुपित त्याच्या पत्र्यावर रंगवलेले नसते. ते असते रडारच्या कामाच्या पद्धतीत, शत्रूचे रडार आंधळे करणाऱ्या यंत्रणेत, एका विमानाने दुसऱ्याशी बोलण्याच्या सांकेतिक लिपीत आणि आता सर्वात जास्त संगणकाच्या आज्ञावलीत. यातले काहीही कुंपणाबाहेरून सहाशे मिलिमीटरच्या लेन्सने दिसत नाही. जे दिसते ते तीस सेंटिमीटरचा बारकावा टिपणारे खाजगी उपग्रह वरून रोज टिपतात आणि पैसे मोजणाऱ्याला विकतात. त्यातली गंमत बघायची तर २०२५ चे ‘एरो इंडिया’ हे विमानप्रदर्शन आठवावे. रशियाचे सुखोई-५७ आणि अमेरिकेचे एफ-३५ ही दोन्ही विमाने येलहंक्याला एकाच वेळी हजर होती. दोघांचाही जन्म एकाच हेतूने झालेला: रडारला दिसू नये. आणि न दिसण्यासाठी अब्जावधी खर्चून बनवलेल्या या वस्तू बघायला लोकांनी उन्हात रांगा लावल्या, तिकिटे काढली, सेल्फी घेतले, आणि कुणालाही चौकीत नेले नाही. अमेरिकेच्या आणि रशियाच्या गुपितांचे छायाचित्र घ्यायला हरकत नसते. लोहगावच्या आकाशात रोज कानठळ्या बसवणाऱ्या सुखोई-३० चे घेतले की राष्ट्र धोक्यात येते. विमाननगरातल्या वरच्या मजल्यांवरच्या गॅलऱ्यांतून चहा पिता पिता जे दिसते, तेच खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला दिसले तर तो संशयित. फरक बहुधा सोसायटीच्या मेंटेनन्सचा असावा.

तेव्हा अडचण बघण्याची नाही. बघ्यांवर कोणत्याही सरकारचे प्रेमच असते. ते टाळ्या वाजवतात, झेंडे हलवतात आणि संध्याकाळी घरी जातात. अडचण मोजणाऱ्याची आहे, आणि याचा सर्वात शुद्ध पुरावा ग्रीसमध्ये मिळतो. नोव्हेंबर २००१ मध्ये कालामाता हवाई तळ लोकांसाठी खुला ठेवला होता. तो बघायला गेलेले बारा ब्रिटिश आणि दोन डच विमानवेडे पोलिसांनी उचलले. त्यांच्याजवळ सापडला काय, तर वह्या. वह्यांत काय, तर विमानांचे क्रमांक. कुणी स्वखुशीने, पदरचे पैसे खर्चून, दुसऱ्या देशात जाऊन आकडे लिहून आणतो, हे तिथल्या यंत्रणेच्या गळी उतरेना. एप्रिल २००२ मध्ये सगळे दोषी ठरले, कुणी हेरगिरीसाठी, कुणी हेरांना मदत केल्याबद्दल. नोव्हेंबरमध्ये अपिलात सगळे सुटले. वर्षभर एका देशाचे न्यायालय एवढेच ठरवत होते, की आमंत्रण देऊन बोलावलेल्या पाहुण्याने विमान बघावे, पण कोणते बघितले ते लिहून ठेवावे की नाही. आपण ग्रीसला हसू नये. फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्लीच्या विमानतळाजवळच्या हॉटेलातून विमाने टिपणाऱ्या दोन ब्रिटिशांना आपणही धरले होते. त्यांना मायदेशी परतायला जवळजवळ दोन महिने लागले आणि वर दंड भरावा लागला.

मोजणारा नकोसा का होतो, हे आपल्या घरचे आकडे बघितले की उमगते. हवाई दलाला लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या मंजूर आहेत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला मिग-२१ ला समारंभाने निरोप दिला, पाण्याचे फवारे उडवले, डोळे ओले झाले, आणि हातात उरल्या २९. त्या जागा भरायला ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा सुमारे ४८ हजार कोटींचा करार झाला होता; त्याची कागदपत्रे फेब्रुवारी २०२१ मध्ये खुद्द एरो इंडियाच्या मंचावर टाळ्यांच्या गजरात हातात दिली गेली. पहिले विमान मिळायचे होते मार्च २०२४ पर्यंत. इंजिने अमेरिकेतून वेळेवर येईनात, इकडचे काम लांबले, आणि मिगच्या निरोपाच्या आदल्याच दिवशी आणखी ९७ विमानांचा करार झाला. तेव्हा आधीच्या ८३ पैकी एकही तुकडीत दाखल झालेले नव्हते. त्याच वर्षीच्या एरो इंडियात खुद्द हवाई दलप्रमुख विमाने बनवणाऱ्या सरकारी कंपनीविषयी आपली नाराजी बोलून बसले आणि जवळच्या कॅमेऱ्याने ती टिपली. एरवी कुंपणाबाहेर नको असलेला कॅमेरा, त्या दिवशी कुंपणाच्या आत होता! नाशिकजवळच्या ओझरला तेजसची तिसरी निर्मितीशाखा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली, हे चांगलेच झाले. ज्या ओझरने शेकडो मिग जोडले तिथे हात रिकामे राहू नयेत. पण २०२१, २०२३, २०२५ अशा तीन प्रदर्शनांना वही घेऊन गेलेल्या माणसाला हा सगळा हिशेब तोंडपाठ असतो. बघ्याला आकाशात जे आहे ते दिसते, जाणकाराला जे नाही तेही दिसते. २०२५ मध्ये ‘सारंग’ हेलिकॉप्टरांचा ताफा उडलाच नाही. गर्दीला पत्ताही नव्हता. वहीवाल्याला ठाऊक होते, की ५ जानेवारीला पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव हेलिकॉप्टर कोसळले आणि देशभरचे ध्रुव, म्हणजे ‘सारंग’चेही, जमिनीवर बसले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. हे अर्धवट जाणकारच अफवा पसरवतात, कुठे डाग दिसला की बोंब ठोकतात. खरे आहे, पण उदाहरण नेमके उलट साक्ष देते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईच्या प्रदर्शनात तेजसच्या पोटातून द्रव गळताना दिसला आणि ‘तेलगळती’ची चित्रफीत जगभर फिरली. सरकारला खुलासा करावा लागला, की ते तेल नाही, दमट हवेमुळे वातानुकूलन आणि प्राणवायूच्या यंत्रणेत साठलेले पाणी मुद्दाम काढून टाकले जात होते. बोंब मारणारे बघे होते. ज्याने आयुष्यभर विमानांची पोटे बघितली त्याला पाणी आणि तेल यातला फरक कळतो, आणि असे चार जाणकार आपल्या बाजूचे असते तर खुलाशाआधीच त्यांनी तो सांगितला असता. त्यानंतर लगेच, २१ तारखेला, त्याच प्रदर्शनात तेजस कोसळले आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध असल्याचे काही समोर आलेले नाही, आणि तो जोडणारेही बघेच होते.

मृत्यूचा विषय निघालाच आहे, तर दुसरा आक्षेप: हे खेळ हवेतच कशाला, माणसे मरतात. मरतात. १९५२ मध्ये फार्नबरोला विमान फुटून त्याचे तुकडे गर्दीत पडले, २९ प्रेक्षक आणि विमानातले दोघे गेले. २८ ऑगस्ट १९८८ रोजी जर्मनीतल्या रामस्टाइनला इटलीची तीन विमाने एकमेकांवर आदळली, ७० माणसे गेली. येलहंक्यालाही २०१९ मध्ये प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सरावात हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ कसरत पथकाची दोन हॉक विमाने आपटली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. पण या प्रत्येक अपघातातून नियम निघाले: गर्दी आणि विमानाच्या वाटेत किती अंतर, तोंड कुठे, उंची किती. आपल्याकडचा सर्वात लाजिरवाणा प्रसंग मात्र विमानाने घडवलेलाच नाही. ६ ऑक्टोबर २०२४, चेन्नईचा मरीना किनारा, वेळ सकाळी अकरा ते दुपारी एक, आकाशात ७२ विमाने, खाली पंधरा लाख लोक असल्याची अभिमानाने केलेली घोषणा, आणि पाच मृत्यू. विमान कुठेही पडले नाही. ऊन, तहान आणि परतीची गर्दी एवढेच कारण. आकाशातल्या विमानांच्या दोन पंखांमधले अंतर आपण मीटरमध्ये ठरवतो आणि जमिनीवरच्या दोन माणसांमधले देवावर सोपवतो. बघ्यांचा आकडा जितका मोठा तितकी मान उंच, हा हिशेब असला की असेच होते. जाणकाराला पंधरा लाखांत उभे राहायचेच नसते. त्याला हवा असतो सूर्य पाठीशी असलेला एक कोपरा, पाण्याचा नळ, आणि निवेदकाचा भोंगा बंद. इंजिनाचा आवाज देशभक्तिपर गाण्याखाली बुडवणे हा त्याच्या लेखी खरा गुन्हा आहे.

(घारींचे मात्र कौतुक केले पाहिजे. एरो इंडियाच्या आसपास पक्षी इंजिनात जाऊ नयेत म्हणून येलहंक्याभोवती मांसविक्री बंद होते. २०२३ ला दहा किलोमीटर, २०२५ ला तेरा. उरलेल्या मांसावर घारी येतात, हे शास्त्रशुद्धच आहे. पण हवाई प्रात्यक्षिकासाठी तीन-चार आठवडे खाटकाने दुकान बंद ठेवायचे आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलाने बिर्याणीत बटाटा घालायचा, एवढा त्याग नियमित तिकीट काढणाऱ्याकडूनही कुणी मागितलेला नाही.)

तिसरा आक्षेप सभ्य घरांतून येतो: माणसे मारणाऱ्या यंत्रांची जत्रा भरवायची कशाला? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे असेल त्याच्यापासून चार हात लांब राहावे. एवढेच म्हणेन, की यंत्रे जत्रा बंद केल्याने नाहीशी होत नाहीत. ती फक्त दाराआड जातात आणि त्यांची किंमत, त्यांचा उशीर, त्यांचे अपघात त्यांच्याबरोबर दाराआड जातात. ज्यांना युद्ध नकोसे आहे त्यांना तर वहीवाला जास्त उपयोगाचा. एका विमानाला किती कोटी लागतात आणि ते किती वेळ जमिनीवर बसून असते, हे त्याच्याइतके कोरडेपणाने सांगणारा दुसरा शांततावादी नाही.

ब्रिटनने यातून साधा मार्ग काढला. फेअरफर्डच्या तळावर दर जुलैला होणाऱ्या प्रदर्शनात २००३ मध्ये ५३५ विमाने जमली, आणि तो विक्रम मोजणाऱ्यांत वहीवालेही होतेच. वेल्समध्ये मॅक लूप नावाच्या दऱ्यांतून लढाऊ विमाने इतकी खाली उडतात, की डोंगरावर बसलेला छायाचित्रकार वरून खाली वैमानिकाच्या शिरस्त्राणाकडे बघतो. तिथे त्याला कुणी हटकत नाही. उलट तिकडचे संरक्षण खाते अशा प्रदेशातल्या सरावांचे वेळापत्रक स्वतःच जाहीर करते. त्यांच्या सीमेवर आपल्यासारखे शेजारी नाहीत, हे मान्य. पठाणकोटला कुणी डोंगर मागत नाही. लोहगाव आणि ओझर सीमेपासून बरेच आत आहेत. तिथे कुंपणाबाहेर एक उंचवटा, नावनोंदणी, ओळखपत्र, महिन्यातून एक रविवार, एवढ्याने काम भागेल. ज्याचे नाव आणि पत्ता तुमच्या वहीत आहे, तो हेर म्हणून कुचकामी असतो.

हे होईपर्यंत लोहगावहून विमान पकडणाऱ्यांनी कॅमेरा बॅगेतच ठेवावा आणि तिकीट काढताना आणीबाणीच्या दाराजवळची जागा मागावी. थोडे जास्त पैसे पडतात. झापड कधी खाली येईल सांगता येत नाही, आणि तेवढी एक खिडकी उघडी राहते.