खिळे विकायचे, पण शिशाच्या भावाने नाही

तालुक्याच्या गावात अजून असा एखादा छापखाना सापडतो. पुढच्या खोलीत ऑफसेट नाहीतर डिजिटल यंत्र, मागच्या खोलीत वडिलांच्या वेळच्या केसी एकावर एक रचलेल्या. केसींच्या खणांत खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, आणि खिळ्यांवर धूळ. जुनं ट्रेडल छपाईयंत्र चालतं, पण पावतीपुस्तकांवर नंबर टाकण्यापुरतं आणि परफोरेशनपुरतं. मुलाला आता ती खोली हवी असते. भंगारवाला दारात येतो, एक खिळा उचलून बघतो, "काका, शिसं आहे" म्हणतो आणि किलोचा भाव सांगतो. काका मान डोलावतात. दुपारपर्यंत खोली मोकळी होते.

हा सौदा तोट्याचा आहे. गेली तीस-चाळीस वर्षं महाराष्ट्रातले छापखाने तो करत आलेत आणि अजून थांबलेले नाहीत. म्हणून हे जरा रागानेच लिहितो आहे.

खिळा म्हणजे नुसतं शिसं नव्हे. त्यात शिसं, अँटिमनी आणि कथील असे तीन धातू असतात. निव्वळ शिसं इतकं मऊ की नखाने ओरखडतं. त्याचा खिळा छापताना लवकरच चेपला असता. अँटिमनीमुळे तो कडक होतो आणि थिजताना फारसा आकसत नाही, म्हणून अक्षराची कड धारदार राहते. कथलामुळे रस पातळ होतो आणि साच्यात रफाराच्या टोकापर्यंत पोचतो. फौंड्रीतून आणलेल्या चांगल्या खिळ्यात अँटिमनी साधारण पाव हिस्सा आणि कथील शेकडा बाराच्या आसपास असतं. लायनो यंत्रावर ओतलेल्या ओळींत दोन्ही कमी: अँटिमनी शेकडा अकरा-बारा, कथील चारेक. मोनो यंत्राचा माल या दोहोंच्या मधला.

आता हिशेब करा. कथलाचा भाव गेली काही वर्षं शिशाच्या दहापटीहून वरच राहिला आहे. १०० किलो खिळ्यांत १२ किलो कथील असेल, तर त्या १२ किलोंचीच किंमत १०० किलो निव्वळ शिशापेक्षा जास्त भरते. अँटिमनी अजून मोजलेलंच नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर निर्बंध जाहीर केले आणि त्यानंतर जगाच्या बाजारात त्याचा भाव कित्येक पटींनी चढला. दारूगोळ्यापासून आग रोखणाऱ्या रसायनांपर्यंत सगळ्यांना ते हवं आहे. ज्या धातूसाठी मोठमोठे देश धावपळ करताहेत, तो आपल्या मागच्या खोलीत पडून आहे आणि आपण तो शिसं म्हणून तोलून देतो.

यातला प्रत्येक रुपया तुमच्या हातात पडेल असं मी म्हणत नाही. धातू वेगळे करायला भट्टी लागते, इंधन लागतं, कारखानदाराला नफा लागतो. शिवाय छापखान्यांनी जुने खिळे गाळून नवे करून घेतलेले असतात आणि दर वेळी थोडं कथील जळून गेलेलं असतं. पण निव्वळ शिशाचा भाव आणि खिळ्यांचा खरा भाव यांत जे अंतर आहे, त्यातला वाटा मागायचा हक्क मालकाचा आहे. तो मागितला जात नाही, कारण ते अंतर असतं हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा विकण्याआधी एक दिवस निवडायला द्या. केसी रिकाम्या करताना सगळं एका पोत्यात ओतू नका. ओळींच्या मध्ये आणि चौकटींना लावलेले पितळी रूळ आधी बाहेर काढा. धूळ आणि शाई बसली की ते शिशाच्या पट्ट्यांसारखेच दिसतात. कानशीने कड जरा घासली की पिवळं दिसतं. पितळ भंगारातसुद्धा शिशाच्या दुपटीहून महाग जातं, आणि जुन्या छापखान्यात ते एवढं असतं की दुर्लक्ष परवडत नाही. मग चित्रांचे ब्लॉक. लाकडावर ठोकलेला तो पातळ पत्रा बहुतेक वेळा जस्ताचा असतो. जस्त आणि खिळ्यांचा धातू यांचं वैर आहे. गाळताना थोडं जस्त मिसळलं तरी अख्खी भट्टी बिघडते, म्हणून जाणकार गिऱ्हाइकाला पोत्यात एक ब्लॉक दिसला तरी तो सगळ्या मालाचा भाव पाडतो. आणि तो त्याच्या जागी बरोबर असतो.

राहिलेल्या मालात खिळे वेगळे, लायनो-मोनोचा माल वेगळा, आणि मऊ शिसं, म्हणजे जुन्या नळांचे तुकडे, केबलवरची आवरणं वगैरे, अगदी वेगळं. ओळखायला यंत्र लागत नाही. मऊ शिसं फरशीवर टाकलं तर धप्प आवाज येतो, वाकवलं तर वाकतं. खिळ्याचा धातू टणटणतो आणि वाकवायला गेलं तर मोडतो. खात्रीच हवी असेल तर धातूंच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे आणि गाळणाऱ्या कारखान्यांत एक्सआरएफ नावाचं हातात धरायचं यंत्र असतं. धातूवर टेकवलं की काही सेकंदांत टक्केवारी पडद्यावर येते. चार-पाच ठिकाणचे मूठभर खिळे घेऊन जा आणि आकडे लिहून आणा. त्या कागदानंतर भाव सांगणाऱ्याचा सूर बदलतो.

वजनाचंही तसंच. शिसं पाण्याच्या अकरापट जड. दहा लिटरची बादली भरीव शिशाने भरली तर ११३ किलो होईल. एवढ्या जड मालात डोळ्याला अंदाज येत नाही आणि पोत्यामागे पाच किलो गेले तरी कळत नाही. स्प्रिंगच्या हुकावर तोलून देऊ नका. वैधमापन विभागाचा चालू मुदतीचा शिक्का असलेला काटा मागा. माल टेम्पोभर असेल तर धर्मकाट्यावर रिकामा आणि भरलेला टेम्पो तोला आणि दोन्ही चिठ्ठ्या तुमच्याकडे ठेवा. सकाळीच मोबाइलवर एमसीएक्स या वायदेबाजारातला शिशाचा भाव बघा. तो किलोमागे रुपयांतच असतो. तो शुद्ध लगडीचा भाव आहे, मोडीला मऊ शिशासाठी त्याहून कमी मिळणार हे धरून चाला. पण खिळ्यांसाठी कुणी त्याच्याही बराच खाली बोलला, तर काय मागायचं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ते. खिळे घरी गाळू नका.

गाळून लगडी केल्या की भाव वाढतो, हा समज खेड्यापाड्यांत पक्का आहे. कढई, चूल आणि परसदार एवढंच भांडवल लागतं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, खिळ्याचा धातू त्याच्याही आधी, तेव्हा जमतं सहज. पण पहिला घाटा पैशाचाच होतो. वितळलेल्या धातूवर जो राखाडी मळ येतो, त्यात कथील आणि अँटिमनी जास्त प्रमाणात जातं. झाऱ्याने तो काढून उकिरड्यावर टाकणारा माणूस आपला सगळ्यात महाग माल टाकत असतो. दुसरं म्हणजे खिळा बघून गिऱ्हाईक ओळखतो की हा खिळा आहे. घरगुती लगडीत काय काय ओतलंय हे कळायला मार्ग नसतो, म्हणून तिला तो शिशाचाच भाव देतो, कधी तेवढाही नाही.

यापुढचा घाटा भरून निघत नाही. शिशाचा धूर आणि त्याची बारीक भुकटी परसातल्या मातीत, वाळत घातलेल्या कपड्यांत, रांगणाऱ्या मुलाच्या हातांत जाते. लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषून घेतं आणि ते मेंदूवर बसतं. शिशाची अमुक मात्रा मुलांना चालते असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही; सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, असं ती सांगते. युनिसेफने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंता करावी इतकं शिसं असल्याचं म्हटलं होतं, आणि त्यांतली फार मोठी संख्या भारतातली होती.

भाव आणि जीव यांचा संबंध किती थेट असतो ते सेनेगलमधल्या डकारजवळच्या थियारोये-सुर-मेर या वस्तीत दिसलं. तिथे वर्षानुवर्षं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढलं जायचं आणि जमीन शिशाने भरली होती. २००७ मध्ये जगात शिशाचा भाव कधी नव्हता इतका चढला. तेव्हा ती मातीसुद्धा विकण्याजोगी झाली. बायका माती चाळून शिशाचे कण निवडू लागल्या, पोती भरून घरात ठेवू लागल्या. मुलं जवळच खेळत होती. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ एवढ्या काळात तिथली १८ लहान मुलं दगावली. भाव वाढला नसता तर कुणी ती माती चाळायला बसलं नसतं.

म्हणून कुणी "शिशाला सध्या चांगला भाव आहे" म्हटलं की मला पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो: ते गाळणार कोण आणि कुठे? भंगारवाल्याने खिळे उचलले म्हणजे तुमच्या खोलीतून ते गेले. पण एखाद्या वस्तीच्या कडेला उघड्यावर पेटलेल्या भट्टीत गेले, तर तिथल्या मुलांचा प्रश्न तुमच्याही व्यवहारातून सुरू झालेला असतो. शिसं प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या कारखान्यातच गाळायचं, असा कायदा आहे. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी २००१ पासून नियम आहेत आणि २०२२ पासून त्यांहून कडक. तिथे वाट सोपी आहे: जुनी बॅटरी आम्लासकट, न फोडता, नवी घेताना दुकानदाराला परत द्यायची. आम्ल गटारात ओतून "कोरडी" बॅटरी विकायची नाही.

खिळ्यांसाठी अशी सोपी वाट कुणी आखलेली नाही. परवानगी असलेला कारखाना टनांत बोलतो; दोन-अडीचशे किलोंसाठी गाडी पाठवत नाही. छोटा मालक मग भंगारवाल्याकडेच जातो, आणि भंगारवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो बिचारा दिवसभर उन्हात फिरून दोन पैसे मिळवतो आणि त्याच्याही घरात मुलं असतात. हे काम गावोगावच्या मुद्रक संघांचं आहे. जिल्ह्यातल्या वीस-पंचवीस छापखान्यांचा माल एका ठिकाणी गोळा करायचा, एकदाच चाचणी करायची, परवानगीच्या कारखान्यांकडून लेखी भाव मागवायचे, पक्क्या पावतीवर माल द्यायचा आणि वजनाच्या प्रमाणात पैसे वाटायचे. याला सरकारी योजना लागत नाही. एक बैठक आणि एक धर्मकाटा पुरतो. कागदाच्या भाववाढीवर दर वर्षी निवेदनं देणाऱ्या संघांना हे सुचू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खिळे हाताळताना दोन गोष्टी पाळा. जुन्या खिळ्यांवर पांढरट भुकटी दिसली तर ती विषारी आहे. कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या. हात साबणाने धुतल्याशिवाय चहा नाही, तंबाखू तर नाहीच. मुलांना खेळायला खिळे देऊ नका, त्यांच्या नावातली अक्षरं असली तरी.

आणि सगळंच पोत्यात भरू नका. देवनागरीचा संच पुरा करायला जोडाक्षरं, मात्रा, रफार धरून शेकड्यांनी निरनिराळे खिळे लागतात. एखाद्या केसीत असा पुरा, न झिजलेला संच असेल, तर त्याची किंमत किलोवर ठरत नाही. हाताने जुळवून छापणारी तरुण मंडळी आज परत दिसू लागली आहेत, कलाशाळांनाही असे संच हवे असतात. ती मोडीच्या भावापेक्षा जास्त देतात. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरच्या फौंड्रीत राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांचा टाईप देशभर नावाजला गेला. त्या घराण्यातला एखादा संच कुठल्या तालुक्याच्या गावात अजून धूळ खात असणं अशक्य नाही. पोस्टरचे मोठे लाकडी ठसे असतील तर तेही ठेवा. त्यांत शिशाचा कणही नसतो, भंगारवाला ते जळण म्हणून नेतो.

कुठला संच ठेवण्याजोगा आहे हे कळावं म्हणून केसी रिकाम्या करण्याआधी प्रत्येक केसीतले चार शब्द जुळवून एक प्रूफ काढा. ट्रेडल चालतंय तोवरच ते जमेल.