हेल

भाच्याने नोकरीचा अर्ज माझ्याकडे तपासायला दिला. पहिल्याच ओळीत ‘आय ॲम कीन टू जॉइन’. कीन म्हणजे उत्सुक, एवढं इंग्रजी मलाही येतं. पण शब्दकोश हाताशी असला की माझी बोटं शिवशिवतात. उघडला, तर ‘कीन’ची दुसरी नोंद: मेलेल्या माणसासाठी मोठ्याने गळा काढणे.

‘‘अरे, नोकरी लागण्याआधीच रडतोयस?’’

‘‘मामा, लागल्यावर वेळ कुठे मिळणार?’’

खरं तर हे दोन ‘कीन’ एकमेकांचे कोणी लागत नाहीत. उत्सुक कीन जुन्या इंग्रजीतला, रडका आयरिश भाषेतून आलेला. तिकडे मयतापाशी बसून बायका चालीवर रडत, गेलेल्याचं गुणगान करत. मोबदला घेऊन रडणाऱ्या तरबेज बायकाही असत. पाद्र्यांना हा प्रकार खपत नसे.

यातलं सर्वांत गाजलेलं रडणं १७७३ सालचं. तेव्हा तिकडे कॅथलिकांना पाच पौंडांहून महाग घोडा बाळगायची बंदी होती; प्रोटेस्टंटाने तेवढे पैसे पुढे केले की तो द्यावा लागे. आर्ट ओलेअरी नावाच्या मानी गड्याने आपली घोडी पाच पौंडांना द्यायला नकार दिला; वैर वाढलं आणि त्याला गोळी घातली गेली. त्याच्या बायकोचा विलाप आयरिश साहित्यात मानाचा. पण मला त्यात भेटली ती नणंद! भर विलापात ती भावजयीला टोमणा मारते: भाऊ मरून पडला आणि ही खुशाल झोपलेली. भावजयही रडता रडता उत्तर देते: झोपले कुठे, पोरांना निजवत होते.

इथे मला आमची आत्या आठवली. शब्दही आपल्याकडे होताच की: हेल काढून रडणं. भोकाड पोरांचं, हंबरडा मूळचा गाईचा, टाहो फोडला की संपला. हेल मात्र हवा तेवढा लांबवता येतो, आणि त्यात मजकूर भरता येतो.

थोरले काका गेले तेव्हा आत्या ओसरीवर बसली होती. ‘‘बैलगाडी जुंपून मला न्यायला यायचास रं दादाऽऽ...’’ तेवढ्यात काकू माजघरातून बाहेर आली. चाल न मोडता आत्याचं पुढचं कडवं निघालं: ‘‘आईचा तांब्याचा हंडा मला देनार हुतास रं दादाऽऽ, त्यो कुनी दडवला रंऽऽ!’’

काकूने पदर डोळ्यांना लावला आणि त्याच पट्टीत सूर धरला: ‘‘त्यो गळत हुता, मोडीत घातला वो वन्संऽऽ!’’

तेराव्यानंतर हंडा माळ्यावर सापडला. आत्याने तिथल्या तिथे काठोकाठ पाणी भरून पाहिलं. थेंबभर गळत नव्हता.