आवक-जावकमधले झुंजारराव

पगारपत्रकावर त्यांचं नाव वेगळं आहे. कचेरीत मात्र ते झुंजारराव. ज्यांच्या रहस्यकथांतून हे नाव आलं, त्या बाबूराव अर्नाळकरांचं एकही पुस्तक हातात न धरलेली नवी मुलंसुद्धा त्यांना झुंजाररावच म्हणतात. अंगकाठीवरून नावाचा काही पत्ता लागत नाही. अर्ध्या बाह्यांचा बिस्किटी शर्ट, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन, पावसाळ्यात मानेला पट्टा. बसतात आवक-जावकमध्ये. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि पत्र ज्याचं त्याच्याकडे धाडून द्यायचं, एवढंच काम. पण त्याआधी ते प्रत्येक पाकीट ट्यूबलाइटसमोर धरून बघतात. आत बहुतेक वेळा वीजबिल असतं.

असा माणूस मुंबईतल्या प्रत्येक कचेरीत एक तरी सापडतोच. बँक असो, विम्याचं ऑफिस असो की वॉर्ड ऑफिस. डब्याच्या सुट्टीत बाकीचे एकमेकांच्या भाज्यांत चमचे घालत असतात, तेव्हा हा भिंतीला पाठ लावून, दारावर नजर ठेवून जेवतो. शेजारी पुस्तक. पुस्तकाला जुन्या परिपत्रकाचं कव्हर, म्हणजे आत काय आहे ते वरिष्ठांना कळत नाही. वरिष्ठांना सगळं ठाऊक असतं. मागचं पुस्तक त्यांनीच त्याच्याकडून नेलेलं असतं आणि अजून परत केलेलं नसतं.

झुंजाररावांची आवड मात्र भलतीच अरुंद आहे. पडका वाडा, भुयार, भर समुद्रातलं जहाज असलं काही त्यांना चालत नाही. "तिथे खून होणारच हो. तिथे माणसांना दुसरा उद्योग काय?" खून कामाच्या जागी व्हायला हवा. टेबलं हवीत, फायली हव्यात, मध्येच कुणी तरी चहा सांगायला हवा. या बाबतीत मराठी रहस्यकथेवर त्यांचा जुना राग आहे. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, गुरुनाथ नाईकांनीही तशीच रास घातली. पण एवढ्या पसाऱ्यात एकाही नायकाने किरकोळ रजेचा अर्ज भरलेला झुंजाररावांना आठवत नाही. अर्नाळकरांचा काळा पहाड येतो, धडा शिकवतो, अदृश्य होतो. त्याची हजेरी कोण लावतं?

म्हणून ते परदेशी मालाकडे वळले, बहुतेक भाषांतरांतून. कर्मचारी वाचनालयाचं कपाट त्यांच्याच ताब्यात असल्यामुळे खरेदीही तशीच होत गेली, आणि प्रत्येक खरेदीचा परिणाम आम्हाला भोगावा लागला.

अगाथा ख्रिस्तीची 1953 सालची 'अ पॉकेट फुल ऑफ राय' आली तेव्हा त्यांनी ऑफिसचा चहा सोडला. कादंबरीची सुरुवातच ऑफिसातल्या चहापासून होते. टायपिस्ट मुलगी पाणी नीट उकळायच्या आत चहा करते, तो साहेबांच्या खोलीत जातो, आणि थोड्याच वेळात साहेब कळवळायला लागतात. आमचा चहावाला अण्णा पंधरवडाभर विचारत होता, "साहेब, शुगर निघाली का?" पुढे कादंबरी संपली आणि कळलं की विष चहात नव्हतंच. सकाळी घरी खाल्लेल्या मार्मालेडमध्ये होतं. दुसऱ्या दिवशी झुंजाररावांनी अण्णाकडून एकदम दोन कटिंग घेतले, पण घरचा नाश्ता महिनाभर बंद ठेवला. वहिनींनी हे फार चांगलं मानून घेतलं असं ऐकिवात नाही.

त्यानंतर जॉन ग्रिशमची 'द फर्म'. 1991 ची. कायद्याचं शिक्षण नुकतंच संपवलेला मिच मॅकडीर मेम्फिसच्या एका छोट्या, श्रीमंत फर्ममध्ये लागतो. पगार भरमसाट, वर बीएमडब्ल्यू गाडी, घरासाठी कमी व्याजाचं कर्ज. मग हळूहळू उलगडतं की फर्म शिकागोच्या माफियाची आहे, घरात कान लावून ठेवलेले आहेत आणि नोकरी सोडायला निघालेले वकील जिवंत राहिलेले नाहीत. यातल्या गाडीवर झुंजाररावांनी फारसा विचार केला नाही. ते अडले कर्जावर. आमच्या पतपेढीचा व्याजदरही बाहेरच्यापेक्षा कमीच. "इतकं स्वस्त कोण देईल हो? आणि का?" पतपेढीच्या वार्षिक सभेत त्यांनी हा प्रश्न उभं राहून विचारला. व्याज कमी का, असं विचारणारा सभासद पतपेढीच्या इतिहासात पहिलाच असल्यामुळे अध्यक्षांना उत्तर सुचेना. सभा वडा-चटणीकडे वळली. झुंजाररावांनी वहीत नोंद केली : 'उत्तर टाळले.'

मिच पुढे फर्मच्या हजारो कागदांच्या गुपचूप प्रती काढवतो, आणि तिथे वाचकाचा श्वास अडकतो. झुंजाररावांचाही अडकला, पण वेगळ्या कारणाने. आमच्याकडे एका कागदाची झेरॉक्स काढायची तर मागणी चिठ्ठी, त्यावर विभागप्रमुखांची सही, आणि मशीन चालू असण्याचा योग या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी जुळून याव्या लागतात. "हजारो कागद!" ते म्हणाले. "टोनर कुठून आणला ते लिहिलेलंच नाही."

पण त्यांचं खरं दैवत जेम्स ग्रेडीची 1974 ची 'सिक्स डेज ऑफ द कॉन्डॉर'. हे पुस्तक त्यांनी कपाटात परत ठेवलेलं नाही. त्यात सीआयएचं एक ऑफिस आहे आणि तिथल्या लोकांना पगार मिळतो तो रहस्यकथा वाचण्याचा! खऱ्या हेरगिरीशी कुठल्या कथेचं काही जुळतंय का, ते शोधायचं, नोंदवायचं, वर कळवायचं. हे वाचून झुंजाररावांनी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले. एवढी वर्षं आपण हे काम फुकट करत होतो! कथेत पुढे असं होतं की पुस्तकांच्या खोक्यांचा हिशेब जुळत नाही, म्हणून नवा हिशेबनीस चौकशी करतो. आणि एक दिवस नायक सगळ्यांसाठी जेवण आणायला बाहेर पडतो, परत येतो तो ऑफिसातले सगळे मेलेले. 1975 मध्ये यावर रॉबर्ट रेडफोर्डचा सिनेमा निघाला. सहा दिवसांचे त्यात तीन केले. यावर झुंजाररावांचा शेरा, "बरं झालं. तीन सीएल वाचल्या."

तेव्हापासून वडापाव आणायला ते स्वतः जातात. परत आल्यावर दारातूनच आत डोकावून मुंडकी मोजतात. भरली की किंचित निराश होऊन आत येतात.

आता थोडं त्यांच्या बाजूने. या कादंबऱ्यांत खुनापेक्षा ऑफिसच जास्त चांगलं उतरलेलं असतं असं माझं मत आहे, आणि झुंजाररावांचंही, फक्त ते तसं म्हणत नाहीत. डोरोथी सेयर्सने 1933 मध्ये 'मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज' लिहिली. त्याआधी कित्येक वर्षं ती स्वतः लंडनच्या बेन्सन्स या जाहिरात कंपनीत मजकूर लिहीत होती. लोखंडी गोल जिन्यावरून कोण कसं पडलं हे वाचक सहा महिन्यांत विसरतो; एका शब्दावरून जाहिरात अडकते, साहेब आणि टायपिस्ट यांची कुरबुर होते, ते विसरत नाही. ग्रिशमने वकिली केलेली. 'कोमा' लिहिणारा रॉबिन कुक स्वतः डॉक्टर. पी. डी. जेम्स आधी रुग्णालयांच्या कारभारात, मग ब्रिटनच्या गृहखात्यात फायली हलवत होती. आपल्याकडे बँकांतल्या भानगडींवर इंग्रजीत लिहिणारे रवी सुब्रमणियन हेही बँकेतलेच. नोकरी माणसाला खुनाच्या कल्पना पुरवते, यात आश्चर्य वाटायला नको, विशेषतः मार्चअखेरीस.

अडचण आहे ती आमच्या कचेरीची. रहस्याला गुप्तता लागते. आमच्याकडे साहेबांनी बंद दाराआड ठरवलेली बदली, तो माणूस जागेवर पोचायच्या आत शिपायाने त्याला सांगितलेली असते, आणि वर पेढेही मागितलेले असतात. दर महिन्याला कागदाची रिमं गायब होतात. कुणाच्या मुलांच्या वह्या कशावर छापल्या जातात हे लिफ्टवाल्यालाही ठाऊक आहे. कादंबरीत गुन्हा सगळ्यांना दिसतो आणि गुन्हेगार कुणाला माहीत नसतो. इथे गुन्हेगार सगळ्यांना माहीत असतो, गुन्ह्याची नोंद तेवढी कुठेच नसते. झुंजाररावांना त्या रिमांबद्दल विचारलं तर ते हात झटकतात. "त्यात रहस्य काय आहे?"

या सगळ्याला कंटाळून त्यांनी स्वतःच कादंबरी लिहायला घेतली. जुन्या जावक रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर. पहिलं प्रकरण झकास उतरलं : शुक्रवारी संध्याकाळी रेकॉर्डरूममध्ये, 1987 च्या गठ्ठ्यांखाली मृतदेह. मयत वरिष्ठ लेखापाल. हातात अर्धवट फाटलेली टिपणी. आम्ही डब्याच्या सुट्टीत जाहीर वाचन ऐकलं आणि टाळ्या दिल्या.

दुसऱ्या प्रकरणापासून घोटाळा झाला. झुंजारराव कितीही झाले तरी मुरलेले कारकून. मृतदेह नेमका कुणाच्या अखत्यारीत? रेकॉर्डरूम प्रशासनाकडे, मयत लेखा विभागाचा, गठ्ठे विधी शाखेचे. प्रशासनाने लेखा विभागाला पत्र दिलं. लेखा विभागाने 'सदर बाब या विभागाशी संबंधित नाही' म्हणून परत केलं. सहाव्या प्रकरणापर्यंत पोलिसांना कळवण्याचा मसुदा मंजुरीसाठी फिरतच होता. कॅशच्या मॅडमनी सुचवलं की तोवर मृतदेहाची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला घ्यावी. झुंजाररावांनी रागावून न बोलता ते लिहून घेतलं.

हे सगळं रोज दारात उभं राहून ऐकणारे आमचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, एक दिवस आत आले.

"साहेब, रेकॉर्डरूमची चावी कुणाकडं असते?"

"तुमच्याकडे."

"मग पोलीस पहिलं कुणाला धरतील?"

झुंजारराव बघतच राहिले. इतक्या पानांत त्यांना संशयित सापडला नव्हता, तो समोर चहाचे ग्लास घेऊन उभा होता.

"माझी दोन वर्षं राहिलीत," मामा म्हणाले. "चौकशी लागली तर ग्रॅच्युइटी अडकते, पेन्शन अडकतं. घरी पोरीचं लग्न हाय. खून करा, माझं काही म्हणणं नाही. पण जरा थांबून करा."

झुंजाररावांनी लाल पेन काढलं, पहिल्या पानावरची तारीख खोडली, दोन वर्षं पुढची घातली आणि समासात छोटी सही केली. लेखापाल सध्या हयात आहेत.