सर्वांना हरवणारा तिसरा

जगज्जेता म्हणजे स्पर्धेतल्या सर्वांना हरवणारा, अशी एक भोळी समजूत सामान्य प्रेक्षकांत आजही आढळते. परंतु स्पीडवे या मोटारसायकल शर्यतीच्या नियामकांनी ती पहिल्याच जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, १० सप्टेंबर १९३६ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर, सुमारे ७४ हजार प्रेक्षकांच्या देखत निकालात काढली. त्या दिवशी ब्ल्यूई विल्किन्सन या ऑस्ट्रेलियन स्वाराने पाच शर्यतींत भाग घेतला आणि पाचही जिंकल्या. यथावकाश बेरीज पूर्ण झाली, आणि त्याला तिसरा क्रमांक बहाल करण्यात आला.

या निकालाचे सौंदर्य ध्यानात येण्यासाठी खेळाची थोडी ओळख आवश्यक आहे. स्पीडवेची मोटारसायकल पाचशे सीसीच्या एकाच सिलिंडरवर चालते, आणि तिला ब्रेक नसतो. म्हणजे वेग आवरण्याचे जे साधन रस्त्यावरच्या वाहनाला कायद्याने सक्तीचे असते, ते या वाहनातून विचारपूर्वक वगळलेले असते. चार स्वार ताणलेल्या फितीमागे उभे राहतात, फीत वर उडताच सुटतात, आणि मातीच्या वा कोळशाच्या राखेच्या लंबगोल मार्गावर घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात. वळण आले की मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरू द्यायचे, पुढचे चाक वळणाच्या उलट बाजूला धरायचे आणि पोलादी तळ बसवलेला डावा बूट जमिनीला घासत न्यायचा, हे या खेळातले मुख्य कौशल्य होय. एवढा सगळा प्रकार साधारण मिनिटभरात आटोपतो, आणि बहुधा त्यामुळेच उरलेला वेळ हिशेबासाठी वापरण्याची प्रथा पडली असावी.

हिशेबही मुळात सोपा होता. अशा प्रत्येक छोट्या शर्यतीला ‘हीट’ म्हणतात; पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला शून्य गुण मिळतात. तेव्हाच्या अंतिम सामन्यात सोळा स्वार आणि वीस हीट असत, आणि त्यांची मांडणी अशी केलेली असे की प्रत्येक स्वार पाच वेळा धावे व त्या पाच धावांत उरलेल्या पंधराही जणांशी त्याची एकेकदा गाठ पडे. ही मांडणी ज्याने शोधली त्याच्या बुद्धीला दाद द्यावी तेवढी थोडी, कारण तीत कोणाला कोणाची सबब सांगण्याची सोयच उरत नाही: ज्याचे पंधरा गुण झाले, त्याने सर्वांना समोरासमोर हरवले, हे कोणाही शाळकरी पोराला पटावे. नेमकी हीच गोष्ट नियामकांना खटकली असावी, कारण जो निकाल पोरासोरांना कळतो तो जाहीर करण्यासाठी नियामक मंडळाची गरज काय, असा प्रश्न त्यातून उद्भवू शकतो.

त्यावर उपाय म्हणून बोनस गुणांची योजना झाली. अंतिम सामन्यापूर्वी इंग्लंडमधल्या निरनिराळ्या ट्रॅकवर पात्रता फेऱ्या झाल्या, आणि तेथल्या कमाईचे काही प्रमाणात रूपांतर करून ती प्रत्येकाच्या खात्यावर अंतिम सामन्याआधीच जमा करण्यात आली. विद्यापीठातल्या अंतर्गत गुणांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना या योजनेचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवणारा विद्यार्थीही निकालाच्या दिवशी चिंताक्रांत का दिसतो, याचे उत्तर त्यातच आहे. अर्थात योजनेच्या समर्थनार्थ सातत्याचा मुद्दा मांडता येतो, आणि तो अगदीच खोटा नाही: एका दिवसाच्या पराक्रमापेक्षा सगळ्या मोसमाची मेहनत मोलाची, हे तत्त्व कोणत्याही सुभाषितसंग्रहात शोभेल. प्रश्न इतकाच की, मग ‘अंतिम’ म्हणून आणखी एक दिवस ठरवायचा कशाला? पात्रता फेऱ्यांना महत्त्व आले की त्यांच्या तिकीट खिडक्यांनाही ते येते, हा विचार मनात आणणे खेळाडूवृत्तीला धरून नसल्याने तो येथे केवळ नोंदवून सोडून दिला आहे.

(‘जागतिक’ या विशेषणाविषयीही फार खोलात जाण्याचे कारण नाही. ब्रिटनच्या व्यावसायिक लीगमध्ये पगारी धावणारे इंग्रज, ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन स्वार, आणि त्यांच्या जोडीला डेन्मार्कचा मोरियन हॅन्सन, एवढ्यांत तेव्हाचे जग बसत असे.)

तर विल्किन्सनच्या खात्यावर दहा बोनस गुण होते. वेम्बली लायन्स संघाचा ऑस्ट्रेलियन स्वार लायोनेल व्हॅन प्राग बारा गुणांनिशी आला होता, आणि मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघाचा इंग्रज एरिक लँग्टन तेरा. विल्किन्सनने दोघांनाही ट्रॅकवर मागे टाकले. व्हॅन प्रागचे त्या दिवशीचे चौदा गुण झाले, लँग्टनचे तेरा. आता बारा आणि चौदा मिळून सव्वीस, तेरा आणि तेरा मिळूनही सव्वीस, पण दहा आणि पंधरा मिळून मात्र पंचवीसच होतात, आणि या अंकगणितात नियामकांचाही इलाज चालत नाही. परिणामी, त्या दिवशी हरलेल्या दोघांमध्ये जगज्जेता कोण याचा फैसला करण्यासाठी एक जादा शर्यत घेण्याचे ठरले, आणि त्या दिवशी एकदाही न हरलेल्या माणसाला ती बाजूला उभे राहून पाहण्याचा मान मिळाला. एका गुणाची ती उणीव भरून काढण्याचा कोणताही मार्ग त्याला अंतिम सामन्यात उपलब्ध नव्हता, कारण पंधराच्या वर गुण देण्याची तरतूदच नव्हती. म्हणजे तो हरला असलाच, तर वेम्बलीला पोहोचण्यापूर्वीच हरला होता, फक्त ही बातमी त्याला पाच शर्यती जिंकल्यानंतर कळवण्यात आली.

बरोबरी फोडण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या अशा निर्णायक शर्यतीला ‘रन-ऑफ’ म्हणतात. तीत दोघेच होते, तेव्हा गोंधळाला फारसा वाव नव्हता; तरीही तो साधण्यात आला. सुटतानाच लँग्टनने फीत तोडली. फीत तोडणारा बाद, असा नियम होता, आणि तो पाळला असता तर जगज्जेतेपदाचा निकाल काही हातांच्या अंतरात लागला असता. परंतु असे फुकटचे पद आपल्याला नको, शर्यत पुन्हा घ्यावी, असा आग्रह स्वतः व्हॅन प्रागने धरला, आणि तो मान्य झाला. दिलदारीचे हे उदाहरण क्रीडा-इतिहासात आदराने सांगितले जाते, आणि सांगितले जावेही. मात्र बोनसच्या एका गुणासाठी विल्किन्सनला बाहेर बसवताना ज्या नियमपुस्तकातला स्वल्पविरामही हलू शकला नव्हता, त्याच पुस्तकातले एक आख्खे कलम दोन सज्जनांच्या परस्पर सौजन्यासमोर कसे विरघळले, याचे स्पष्टीकरण आदराने सांगणाऱ्यांकडे सहसा मिळत नाही.

दुसऱ्या वेळी लँग्टन व्यवस्थित सुटला, पहिल्या वळणावर पुढे पोहोचला आणि शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणापर्यंत पुढेच राहिला. तेथे आतल्या बाजूला किंचित फट दिसताच व्हॅन प्रागने त्यातून मुसंडी मारली आणि चाकभरापेक्षाही कमी अंतराने जगज्जेतेपद पटकावले.

कथा येथे संपली असती तर ती क्रमिक पुस्तकात घालता आली असती. पुढे मात्र असा आरोप झाला की, रन-ऑफपूर्वीच दोघांचा आपसात करार ठरला होता: पहिल्या वळणावर जो आधी पोहोचेल त्यालाच शर्यत जिंकू द्यायची, आणि बक्षिसाची रक्कम दोघांनी वाटून घ्यायची. हे खरे मानल्यास लँग्टनने आपल्या बाजूची अट पुरी केली होती, आणि व्हॅन प्रागनेही करार जवळजवळ चार फेऱ्या निष्ठेने पाळला. फक्त अखेरच्या वळणावर त्याच्यातला करारकर्ता मागे पडला आणि शर्यतपटू पुढे निघून गेला. शब्द फिरवल्याची टोचणी म्हणून त्याने लँग्टनला नंतर पन्नास पौंड दिले, असेही सांगितले जाते. या आरोपाकडे पाहणाऱ्याची मोठी पंचाईत होते, कारण करार पाळला गेला असता तर ७४ हजार प्रेक्षकांची फसवणूक झाली असती, आणि मोडला गेल्यामुळे एकट्या लँग्टनची झाली. अशा प्रसंगी विश्वासघातालाच प्रामाणिकपणा म्हणावे लागते. पन्नास पौंडांचा हिशेब खरा असेल, तर त्या संपूर्ण स्पर्धेत अन्याय झाल्याचे मान्य करून भरपाई देणारा माणूस एकच निघाला, आणि तो नियामक नव्हता. विल्किन्सनला कोणी काही दिल्याची नोंद नाही.

व्हॅन प्रागच्या धैर्याविषयी मात्र शंका घेण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन हवाई दलात असताना त्याला जॉर्ज मेडल मिळाले. विल्किन्सननेही आपले काम पुढे चालू ठेवले. १९३८ च्या अंतिम सामन्यात गळपट्टीचे हाड मोडलेले असताना तो वेम्बलीच्या ट्रॅकवर उतरला आणि अमेरिकेच्या जॅक मिल्नच्या एकवीस गुणांविरुद्ध बावीस गुण मिळवून जगज्जेता झाला. बोनसची पद्धत तेव्हाही होतीच, आणि त्या दिवशी ती चूक होती असे म्हणणाऱ्यांत तो असण्याची शक्यता कमी आहे.

या पद्धतीला परिपूर्णतेची संधी १९३९ मध्ये चालून आली. पात्रता फेऱ्या पार पडल्या, बोनस गुण खात्यांवर जमा झाले, आणि सप्टेंबरात अंतिम सामना व्हायचा तोच महायुद्ध सुरू होऊन तो रद्द झाला. म्हणजे गुण शिल्लक होते आणि शर्यतीची अडचण परस्पर दूर झाली होती. १९३६ चे तत्त्व शेवटास न्यायचे तर बोनसच्या यादीतल्या अव्वल स्वाराला तेव्हाच जगज्जेता घोषित करायला हवे होते. नियामकांनी तसे केले नाही आणि ते वर्ष जगज्जेत्याविना सोडून दिले. युद्धानंतर १९४९ मध्ये स्पर्धा पुन्हा वेम्बलीवर भरली, तेव्हा बोनस गुण गायब झाले होते आणि इंग्लंडचा टॉमी प्राइस केवळ त्या दिवशी मिळवलेल्या गुणांवर जगज्जेता ठरला. याबद्दल कोणत्याही मंडळाने तेरा वर्षे मागे जाऊन कोणाची क्षमा मागितल्याचे मात्र ऐकिवात नाही.