अक्काचं नागरिकशास्त्र

नागरिकशास्त्राचा मास्तर म्हणजे शाळेतला सगळ्यांत निरुपद्रवी प्राणी. गणिताच्या मास्तराला पोरं भितात, पीटीच्या मास्तराला पालकसुद्धा भितात आणि नागरिकशास्त्राच्या मास्तराचा तास गॅदरिंगच्या तालमीला हक्कानं मागून नेतात. इतिहासाच्या पुस्तकामागं चिकटवलेली ती मोजकी पानं. पोरं ती परीक्षेच्या आदल्या रात्री साडेदहाला उघडायची आणि पावणेअकराला मिटायची. मी उभी नोकरी त्या पानांवर काढली. निरोपसमारंभात हेडमास्तरांनी माझा गौरव केला तो 'इतिहासाचे नामवंत शिक्षक' म्हणून.

असा हा पडेल विषय एकदम भावात आला तो आमच्या अक्कामुळं. अक्का माझी थोरली बहीण. जन्म कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला, मुक्काम न्यू जर्सीतल्या एडिसनला, लेकाकडं. ग्रीन कार्डाला पंधरा वर्षं उलटल्यावर लेकानं तिचा सिटिझनशिपचा अर्ज भरला. अर्ज गेला २० ऑक्टोबर २०२५ नंतर, त्यामुळं नवी परीक्षा नशिबी आली. जुन्या परीक्षेत शंभर प्रश्न पाठ करायचे, त्यांतले दहा विचारणार, सहा आले की पास. नव्या परीक्षेत प्रश्न १२८, विचारणार वीस आणि यायला पाहिजेत बारा. एक सवलत मात्र आहे. वय पंचावन्नच्या पुढं आणि ग्रीन कार्डाला पंधरा वर्षं झालेली असली, तर इंग्रजीची परीक्षा माफ. उत्तरं आपल्या भाषेत द्यायची, दुभाषा आपला आपण न्यायचा.

"आपल्या भाषेत म्हणजे मराठीत?" मी विचारलं.

"मग काय कानडीत?" अक्का म्हणाली. "उद्यापासनं शिकवणी सुरू कर. फुकट."

शिकवणी सकाळी सातला, व्हिडिओ कॉलवर. तिकडं रात्रीच्या भाकरी थापायची वेळ. फोन डब्याला टेकवलेला, त्यामुळं मला अर्धी अक्का आणि पूर्ण तवा दिसायचा. उत्तर चुकलं की भाकरी जोरात आपटायची, त्यावरून मला प्रगती कळायची.

पहिल्या आठवड्यात घटना झाली. अमेरिकेची राज्यघटना १७८७ ची, तिला आजवर दुरुस्त्या सत्तावीस. आपली १९५० ची, दुरुस्त्या शंभराच्या वर. मी जरा ओशाळून सांगितलं, पण अक्का वकिली बाण्याची. "त्यांची केवढी?" मी म्हटलं, मूळ घटना थोडक्या पानांची, आपली जगातली सगळ्यांत मोठी लिखित घटना. "मग? मोठ्या वाड्याला डागडुजी जास्तच लागती." घटनासमितीतसुद्धा एवढ्या थोडक्यात कुणी बाजू मांडली नसेल.

पुढचा प्रश्न : वसाहतींनी ब्रिटनपासून स्वातंत्र्य का घेतलं? मी बोस्टनच्या बंदरात १७७३ साली चहाच्या ३४२ पेट्या बुडवल्या तिथून सुरुवात केली. अक्काला चहाची नासाडी अजिबात पटली नाही. "कर भारी वाटला तर पिऊ नये. बुडवायचा कशाला?" शेवटी मी म्हटलं, "अक्का, आपला टोल आठव." लगेच भाकरी थांबली. शहरातल्याच रस्त्यांसाठी लावलेला टोल, त्याविरुद्धचे कोल्हापूरकरांचे मोर्चे, २०१४ च्या जानेवारीत पेटलेले टोलनाके आणि २०१५ सरता सरता रद्द झालेला टोल, हे सगळं तिला तोंडपाठ. नाके पेटले त्या हिवाळ्यात ती माहेरी आली होती आणि मोर्चात चाललीही होती. "आसं आधी सांग की!" ती म्हणाली. अमेरिकन राज्यक्रांती तिथंच संपली. वॉशिंग्टन आणि जेफरसन यांना तिनं टोलविरोधी कृती समितीत घेऊन टाकलं.

खरी अडचण आली ती माणसांच्या नावांत. "तुमच्या भागाचे खासदार कोण?" असं विचारलं की उत्तर यायचं, "शाहू महाराज." कोल्हापूरच्या दृष्टीनं उत्तर बरोबर, २०२४ ला तेच निवडून आले. पण एडिसनचा खासदार फ्रँक पलोन. सिनेटर दोन, कोरी बुकर आणि अँडी किम. गव्हर्नर फिल मर्फी, हे तिनं दोन आठवडे घोकलं आणि जानेवारी २०२६ मध्ये मर्फींची मुदत संपून मिकी शेरिल आल्या. मुलाखतीच्या दिवशी जो पदावर असेल तोच धरतात, त्यामुळं घोकलेलं वाया गेलं. अक्का खवळली. मी समजूत घातली, "बरं समज, तिकडं उत्तर चार वर्षांनी बदलतं. आपल्या राज्यात परीक्षा असती तर उत्तरपत्रिका संध्याकाळी पुन्हा तपासावी लागली असती."

परीक्षेपेक्षा अर्ज अवघड. त्यात विचारतात, जगात कुठंही कम्युनिस्ट पक्षाशी कधी संबंध होता का? अक्काला घाम फुटला. बिंदू चौकात लाल झेंड्याच्या सभा तिनं लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकलेल्या. मी म्हटलं, शेंगदाणे खात सभा ऐकल्यानं कुणी सभासद होत नाही. बिंदू चौकात महात्मा फुल्यांचे आणि बाबासाहेबांचे पुतळे आहेत, तेही १९५० साली, बाबासाहेब हयात असताना उभारलेले. तेवढ्या भांडवलावर तुला नागरिकशास्त्र आलंच पाहिजे.

मग शपथ. परदेशी राजा, सत्ताधीश, राज्य यांच्यावरची निष्ठा सोडतो, असं शपथेत म्हणावं लागतं. शिवाजी पेठेतल्या बाईला हे सांगायचं म्हणजे जिवावरचं काम.

"राजावरची निष्ठा सोडायची?"

मी मास्तरकीचा आधार घेतला. "कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. तुझा जन्म त्यानंतरचा. कायद्यानं तू कुठल्या राजाची प्रजा कधी नव्हतीसच."

"कायद्यानं नसंल," अक्का म्हणाली, "पण दसरा चौकात सोनं लुटायला आले तर मुजरा घालणार." शपथेत 'मनात काहीही मागे न ठेवता' असंही एक कलम आहे. ते मी त्या दिवशी वाचलं नाही.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, हेही सांगावं लागलं. तिकडची शपथ झाली की इकडचा पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्ड घ्यायचं. त्यावर आयुष्यभर बिनव्हिसा येता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. "मत नाही? मग निवडणुकीत कोल्हापुरात येऊन करायचं काय?" मी म्हटलं, "तांबडा-पांढरा. जेवणावळीत कुणी पासपोर्ट विचारत नाही."

अक्काची तयारी बघून मला चेव चढला. रंकाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या कट्ट्यावर मी आपल्याकडचे प्रश्न टाकले. राज्यसभेचे खासदार कोण निवडतं? "ज्याच्याकडं पैसा तो." खरं उत्तर आमदार, पण चर्चेत कुणी तिकडं फिरकलं नाही. महापालिकेची मुदत किती? "प्रशासक म्हणतील तेवढी." घटनेनं पाच वर्षं सांगितलीत, पण २०२० ला सभागृहाची मुदत संपल्यावर निवडणुकीसाठी २०२६ उजाडलं, त्यामुळं याला अर्धा मार्क देणं भाग होतं. खासदाराचं काम काय? सगळे एका सुरात, "गटारं." हीच माणसं 'गोकुळ' दूध संघाचे संचालक गटागटांनी सांगतात, कुठल्या कारखान्यात कुणाचं पॅनेल कुणी पाडलं ते सालासकट सांगतात, आणि कोण काल रात्री कुणाकडं जेवला तेही सांगतात. राजकारणात डॉक्टरेट, नागरिकशास्त्रात भोपळा.

एकानं उलट मलाच विचारलं, "परदेशी माणसाला आपला नागरिक व्हायचं असंल तर आपण काय विचारतो?" १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणं अशा माणसाला साधारण बारा वर्षांचं वास्तव्य लागतं, चांगली वर्तणूक लागते आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भाषा पुरेशी यावी लागते. कट्टा खूश झाला. मराठी आठव्या परिशिष्टात आहे. म्हणजे गंगावेशीत म्हशीसमोर उभं राहून धारोष्ण दुधाचा भाव करता आला की भाषेची अट पुरी. घटनेवर एकही प्रश्न नाही.

अक्काची मुलाखत झाली. दुभाषा म्हणून शेजारचे एक पुण्याचे गृहस्थ गेले होते. स्वातंत्र्य का घेतलं, यावर अक्का म्हणाली, "टोल लावला, माणसं खवळली." गृहस्थांनी क्षणभर डोळे मिटून ते अन्याय्य करआकारणीत बसवलं. बारावं उत्तर बरोबर येताच अधिकाऱ्यानं प्रश्न थांबवले, तसा नियमच आहे. अक्का मात्र उठेना. उरलेले ११६ पाठ केलेत, त्यांचं काय करायचं? विचारा की! हे वाक्य तेवढं दुभाष्यानं गाळलं.

माझ्या आयुष्यात नागरिकशास्त्राचा शंभर टक्के निकाल लागलेली ही पहिली तुकडी. त्या आनंदात आपल्यालाही एक छोटी चाचणी देतो. आपला नगरसेवक किंवा ग्रामपंचायत सदस्य, आमदार आणि खासदार, यांची नावं आणि प्रत्येकाचं खरं काम. एकूण सहा प्रश्न, चार आले की पास. नगरसेवक चार असतील तर एकाच नावावर भागवून घेईन. अमेरिकेत नापास झालेल्याला ६० ते ९० दिवसांत पुन्हा एकदा बसवतात. आपल्याकडं पुढची परीक्षा पाच वर्षांनी, तेव्हा अभ्यास आजच सुरू करा.