सहा फूट शून्य इंच

सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून पोट भरत असल्यामुळे एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो: ऑपरेटिंग सिस्टिम आपला खरा आकडा सहसा सांगत नाही.

आमचं पॅकेज पतसंस्थांच्या हिशेबाचं. विंडोज सातपासून अकरापर्यंत ते सगळीकडे चालेल, असं विक्री विभागाने परस्पर कबूल करून टाकलंय. सातचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला, ऐन संक्रांतीच्या तोंडावर संपला. पण ही बातमी तालुक्याच्या गावी कोणी कळवलेली नाही. त्यामुळे माझ्या एका मशीनच्या पोटात या सगळ्या पिढ्या व्हर्च्युअल मशीन होऊन नांदतात. नवी बिल्ड आली की प्रत्येकीत जाऊन पॅकेज टाकायचं, एक खोटं खातं उघडायचं, त्यात खोटे पैसे भरायचे, पासबुक छापायचं आणि स्नॅपशॉटवर परत जाऊन सगळा पुरावा नष्ट करायचा. इतकं करून मला पगार मिळतो.

इन्स्टॉलर आधी विचारतो, आवृत्ती कोणती? सात म्हणतं, 6.1. आठ म्हणतं, 6.2. त्यानंतरचं 8.1 खरं तर 6.3, पण ज्या प्रोग्रामने आपल्या मॅनिफेस्टमध्ये ‘मी तुम्हाला ओळखतो’ असं लिहून दिलेलं नाही, त्यालाही ते 6.2 च सांगतं. दहाचंही तेच. लिहून दिलं की मग दहा खरं बोलतं, 10.0. आणि अकरा? तेही 10.0! नऊ तर जन्मालाच आलं नाही.

या थापांचं मूळ प्रोग्रामरांच्या गणितात आहे. एक्सपी होतं 5.1. पुष्कळांनी अट घातली: पहिला आकडा निदान 5 हवा आणि दुसरा निदान 1. मग व्हिस्टा आलं, 6.0. म्हणजे मुलीकडच्यांनी ‘पाच फूट एक इंच किंवा जास्त’ अशी अट घालावी आणि सहा फुटी मुलगा दारात उभा राहिल्यावर ‘इंच शून्य आहेत, जमणार नाही’ म्हणून त्याला परत पाठवावं. धडाधड प्रोग्राम चालेनासे झाले. पुढच्या आवृत्तीने नाव सात लावलं, पण आत गुपचूप 6.1 लिहिलं.

मॅकवाल्यांनी हसू नये. त्यांची 2014 ची आवृत्ती 10.10. आकडे अक्षरांसारखे डावीकडून ताडून पाहणाऱ्या प्रोग्रामांना ती 10.9 पेक्षा जुनी वाटली, कारण 1 हा 9 च्या आधी येतो. 2020 साली बिग सर आलं, आवृत्ती 11; जुन्या प्रोग्रामांनी विचारलं तर ते स्वतःला 10.16 म्हणवतं. 10.16 नावाची आवृत्ती कधी बाजारात आलीच नाही.

आवृत्ती विचारूच नका, हवी ती सोय आहे का तेवढं विचारा, असं जाणकार सांगत आलेत. हे मी आमच्या डेव्हलपरला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “माझ्या मशीनवर चालतंय.”

परवा एका पतसंस्थेतून फोन आला.

“साहेब, विंडोज कुठलं आहे तुमच्याकडे?”

“अकरा! पुतण्याने टाकून दिलंय.”

“स्टार्ट दाबून विनव्हर टाइप करा. बिल्ड नंबर काय दिसतो?”

“एकोणीस हजार पंचेचाळीस.”

अकराचे आकडे बावीस हजारांपासून सुरू होतात. “साहेब, हे दहा आहे. पुतण्याने अकराचा वॉलपेपर लावलाय.”

“बरं, दहा लिहा. पण मुदत ठेवीचं व्याज कमी येतंय, त्याचं बोला की!”

मी सातवर पाहिलं, दहावर पाहिलं, अकरावर पाहिलं. सगळीकडे अगदी सारखंच कमी येत होतं.